कुंभारणीचा कान

मडकं वाजवून घ्यावं, हे कोणीही सांगेल. वाजवल्यावर ऐकायचं काय, हे मात्र थोड्यांना ठाऊक असतं. तिच्या बापाला ठाऊक होतं. भट्टी उघडली की तो एकेक मडकं डाव्या तळव्यावर तोलायचा, उजव्या हाताच्या पेरानं त्यावर हलकेच ठोकायचा आणि सूर हवेत विरेपर्यंत मान कलती करून थांबायचा. सूर लांबला तर मडकं उजवीकडे. सूर मध्येच मेला, बद्द वाजलं, तर डावीकडे. मग ते दिसायला कितीही देखणं असो. ही पोर रांगत होती तेव्हापासून त्या दोन ढिगांच्या मध्ये बसलेली. बोलायला लागायच्या आधी ती डाव्या ढिगातली मडकी ओळखायची, असं तिची आई सांगे. आईनं त्यात थोडं पदरचं मीठ घातलं असेल. पण पुरतं खोटं ते नव्हतं.

लग्न झालं आणि ती शहरात आली ती थेट पुलाच्या कुशीत. नदीकाठाला जिथं पुलाचा पहिला पाय जमिनीत शिरतो, तिथं त्या जाड भिंतीत एक खोली काढलेली होती, पूल सांभाळणाऱ्या माणसासाठी. दार नदीकडे, खिडकी वर रस्त्याला जाणाऱ्या पायऱ्यांकडे. डोक्यावरून दिवसभर गाड्या जायच्या आणि फळीवरची भांडी एकमेकांच्या कानाला लागायची. नव्या सुना सासूला भिऊन असतात; हिला सासू नव्हतीच, ही छताला भिऊन होती. जेवताना ती ताटावर हात धरी. सासरे हसायचे. "अगं पोरी, हात कशाला धरतेस? हा खाली आलाच तर हातानं थोपवणार आहेस का?"

ती कुंभाराची, म्हणून आसपासचे तिला 'कुंभारीण' म्हणू लागले आणि तेच तिचं नाव झालं. नवऱ्याला सगळे 'कानसेन' म्हणत. त्याचं कामच तसं होतं. पुलाच्या कठड्यावरून दोर सोडून लाकडी पाळणा खाली टांगायचा, त्यात उभं राहून हातोडीनं कमानीचं पोट ठोकत जायचं आणि ऐकायचं. काँक्रीट आतल्या सळईला घट्ट धरून असलं की हातोडी खणकन् बोलते. पाणी मुरून सळई गंजली की ती फुगते, फुगली की वरच्या काँक्रीटला ढकलते, आणि मग दोघांच्यामध्ये कागद जाईल एवढी फट पडते. डोळ्याला काही दिसत नाही. रंग तोच, गुळगुळीतपणा तोच. पण हातोडी तिथं बद्द बोलते. तिथं खडूनं कडं काढायचं. मागून गवंड्यानं येऊन तेवढा भाग खरवडायचा, सळई घासायची, नवं काँक्रीट भरायचं. पूल असा वर्षानुवर्षं जागोजाग ठिगळं लावून उभा होता. म्हाताऱ्या माणसाच्या दातांसारखा, जुने किती आणि बसवलेले किती ते त्याचं त्यालाच ठाऊक.

सासऱ्यांनी तर तो पूल जन्मताना पाहिला होता. संध्याकाळी दारात बसून ते सुनेला त्याची जन्मकथा सांगायचे, आणि सांगायची त्यांची तऱ्हा अशी की ऐकणाऱ्याच्या हाताला सिमेंट लागावं. त्या शहरानं तोवर दगडाचे पूल पाहिले होते, लोखंडाचे पाहिले होते. वाळू, खडी, सिमेंट कालवून पूल ओततात हे कोणाला पटेना. लोक काठावर उभे राहून टिंगल करायचे, "चिखलाचा पूल होत असता तर म्हशी केव्हाच इंजिनीअर झाल्या असत्या!" सासरे तेव्हा मिसरूड न फुटलेले, घमेली वाहणारे. आधी नदीत सगळा पूल लाकडाचा उभा राहिला, नुसता साचा. त्यावर सळयांची जाळी विणली. मग दोन्ही पायांकडून एकाच वेळी काँक्रीट ओतत वर यायचं. ह्या बाजूला एक थर की त्या बाजूला एक थर. एक बाजू पुढे गेली तर तिच्या वजनानं लाकडाचा साचा कलंडणार. "दोघे मिळून ओझं उचलतात ना, तसं," सासरे म्हणायचे. "एकानं घाई केली की दुसरा चिरडला."

आणि सर्वांत शेवटी माथा. दोन्हीकडून आलेली कमान जिथं भेटते, तो मधला तुकडा. मधल्या कमानीचा माथा ओतला तेव्हा काँक्रीटमधली हवा काढायला सळईनं कोचत उभं राहायचं काम सासऱ्यांच्या वाट्याला आलं होतं. पुढे काँक्रीटला बळ आल्यावर साचा सोडायची वेळ आली. साच्याच्या लाकडांखाली पाचरी मारलेल्या असतात. त्या माथ्याकडून सुरुवात करून पायांकडे, थोड्याथोड्या ढिल्या करत जायच्या. कमान अलगद बोटभर खाली बसली, लाकडात आणि तिच्यात उजेड दिसला, आणि काठावरची टिंगल थांबली. त्या दिवशी सासऱ्यांनी हातोडी घेऊन माथ्याला खालून एकदा ठोकलं. "घंटा गं, घंटा," ते म्हणायचे. "नदीच्या दोन्ही काठांना ऐकू गेली." तेव्हापासून हातोडी त्यांच्या हातात आली ती त्यांनी मुलाच्या हातात दिली, आणि देताना सगळ्यात आधी त्याला माथ्यापाशी नेऊन तो आवाज ऐकवला. बाकी सगळं काँक्रीट त्या आवाजाशी ताडून बघायचं. तो त्यांचा सूर.

कुंभारीण हे ऐकायची आणि मनात म्हणायची, म्हणजे आमच्याकडचंच काम, फक्त मडकं जरा मोठं.

एकदा नवरा कामावरून आला तर ती भाकरी थापता थापता सहज बोलून गेली, "आज पलीकडच्या कमानीत, खांबाच्या मुळाशी, बद्द वाजलं ना? दोनदा ठोकलंत तुम्ही."

त्याचा हात धुता धुता थांबला. "तुला कोणी सांगितलं?"

"तुमच्या हातोडीनं."

तो एवढा खूश झाला की ओल्या हातानंच मुकादमाकडे गेला. मुकादम म्हणजे पाळण्याचे दोर सांभाळणारा, त्याचा जुना सोबती, तोंडाचा फटकळ आणि मनाचा लोण्यासारखा. "माझी बायको घरात बसून पूल तपासते!" मुकादम म्हणाला, "मग पगार वहिनींना देऊ, तू भाकऱ्या थाप." ही गोष्ट कितीतरी वर्षं हसून सांगितली गेली. लोक संसार संसार म्हणतात, तो ह्याहून वेगळा काय असतो? सासरे गेले, मुलगी झाली, मोठी होऊन सासरी गेली. डोक्यावर गाड्या वाढत राहिल्या, रस्त्यावर जुन्या डांबरावर नवं डांबर चढत राहिलं, आणि कमान ते सगळं अंगावर घेत राहिली. ताटावर हात धरायचं तर ती केव्हाच विसरली होती.

बहिरेपण चोराच्या पावलांनी आलं. कमानीच्या पोटात हातोडीचा आवाज एकदा वाजून थांबत नाही, परत येऊन कानावर आदळतो. ज्या कानावर घर चाललं तो कान हातोडीनंच खाल्ला. आधी त्याला चिमण्या ऐकू येईनाशा झाल्या. मग मुलीचा फोन. मग दाराची कडी. तो माणसाच्या ओठांकडे बघून समजून घ्यायला शिकला, आणि बायकोच्या ओठांइतके कोणाचेच ओठ त्याला वाचता येत नसत. दुसऱ्यांशी मात्र फजिती व्हायची. मुकादमानं दोर ओढता ओढता, तोंड फिरवून विचारलं, "काय रे, पूल काय म्हणतो?" मुलीचं विचारतोय असं समजून ह्यानं उत्तर दिलं, "परवाच येऊन गेली, बरी आहे." मुकादमानं दोराला आणखी एक पीळ दिला. मग म्हणाला, "बरी असू दे बाबा." त्यानं पुढे विचारलं नाही. बाकीचे म्हणायचे, कानसेनाला आता शिंगं फुटली, हाक मारली तरी बघत नाही.

घरात ह्या विषयावर एक शब्द कधी झाला नाही. झाकली मूठ झाकलीच राहिली. पण तिला दिसत होतं की पाळण्यातून उतरताना त्याचा चेहरा पूर्वीसारखा दमलेला नसतो, घाबरलेला असतो. खडू धरणारा मदतनीस निवृत्त झाला आणि त्याच्या जागी कोणी आलं नाही, तेव्हा ती आपणहून मुकादमाला म्हणाली, "मी धरते खडू. घरीच तर बसलेली असते." मुकादमानं तिच्याकडे बघितलं, मग नदीकडे बघितलं. "धरा वहिनी. तुमचंच आहे सगळं."

तेव्हापासून दोघं पाळण्यात. तो ठोकायचा. बद्द वाजलं की तिचा खडू पुढे व्हायचा, आणि तो लगेच मान डोलवायचा, जणू त्यानंच सांगितलं म्हणून तिनं काढलं. हळूहळू खडू आधी आणि मान नंतर, हे दोघांच्याही अंगवळणी पडलं. ती मनात म्हणायची, कान त्याचे काय नि माझे काय. एका घरात दोन कान चालते आहेत, पुष्कळ झालं. त्याला पुलावरून उतरवलं तर काय उरेल, ह्याचा विचार ती करत नसे. तो घरात रिकामा बसलेला तिनं कधी पाहिलाच नव्हता. दुखणं आलं तरी तो दारातून कमानीकडे तोंड करून झोपायचा.

त्या वर्षी खालच्या अंगाचा नवा पूल दुरुस्तीला निघाला आणि त्याच्यावरचे सगळे ट्रक, सगळ्या बसगाड्या इकडे वळवल्या. नव्या इंजिनीअरबाई आल्या. वयानं ह्यांच्या मुलीएवढ्या, पायात मजबूत बूट, बोलणं मऊ. त्या म्हणाल्या, "काका, नदी उतरली की यंत्र येणार आहे. कमानीला भोक पाडून आतलं काँक्रीट काढून बघू. तोवर एवढं ओझं चालू ठेवायचं का, ते तुमच्या हातोडीवर आहे. सगळा पूल एकदा वाजवून घ्या." त्या तोंडासमोर उभं राहून, स्पष्ट बोलायच्या, म्हणून त्याला शब्द न् शब्द कळला. तो ताठ झाला. कितीतरी दिवसांत कोणी त्याला एवढं मोठं काम सांगितलं नव्हतं.

कडेच्या दोन्ही कमानी झाल्या. खडूची कडी थोडीच निघाली, नेहमीच्याच जागी. मग पाळणा मधल्या कमानीच्या माथ्याखाली आला. तिला घेऊन तो इथं पहिल्यांदाच येत होता; माथा घंटाच आहे, तो काय ठोकायचा, असं म्हणून इतकी वर्षं तो टाळायचा. वरून बस गेली, पाळण्याच्या फळ्या थरथरल्या. त्यानं हातोडी उचलली, आणि सवयीनं आधी टोपी नीट केली. बापाच्या जागी आला की तो टोपी नीट करायचा. ठोकलं.

बद्द.

तिला वाटलं, हातोडी तिरकी पडली असेल. त्यानं हातभर पुढे ठोकलं. बद्द. आणखी पुढे, आणखी डावीकडे. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज. लहान ठिगळ नव्हतं हे. सगळा माथाच्या माथा आतून सुटलेला.  ह्यातला परातीएवढा तुकडा जरी निसटला तर खालून जाणारी नाव गेली. आणि आतल्या सळया किती खाल्ल्या गेल्या असतील ते कोण जाणे, वरून तर खचाखच भरलेल्या बसगाड्या जात होत्या. तिनं खडू पुढे केला.

त्यानं तिचं मनगट धरलं.

"इथं नाही," तो म्हणाला.

"बद्द आहे," ती ओठ हलवून म्हणाली.

"काहीतरीच. ऐक." त्यानं पुन्हा ठोकलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की तिला बघवेना. त्याला ऐकू येत होतं. खरंच येत होतं. बापानं हातात हात धरून ऐकवलेली ती घंटा त्याच्या डोक्यात अजून वाजत होती, आणि हातोडी पडली की तीच वाजायची. तो बहिरा झाला होता बाकी सगळ्या जगाला. माथ्याचा आवाज त्याच्यापाशी जसाच्या तसा होता.

तिनं हातोडी त्याच्या हातातून काढून घेतली. त्याचा तळवा धरून काँक्रीटवर टेकवला आणि शेजारी स्वतः ठोकलं. सुटलेलं काँक्रीट हाताखाली शहारतं. कानाला नाही तर हाताला तरी कळेल. तो थांबला. क्षणभर त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं. मग तो म्हणाला, "वरून ट्रक गेला."

वरून काहीही गेलं नव्हतं.

"अहो, मी सांगते ना. सगळाच गेलाय. आतून."

"तुला मडक्यांतलं कळतं," तो म्हणाला. आवाज चढला होता. आपला आवाज किती चढतो ते त्याला आता समजत नसे. "पुलातलं नाही कळत. हा माझ्या बापानं ओतलाय."

वर दोराशी उभ्या असलेल्या मुकादमानं ते ऐकलं असणार. तो कठड्यावरून वाकलासुद्धा नाही.

संध्याकाळी इंजिनीअरबाई पायऱ्यांवर भेटल्या. "माथा कसा आहे काका?"

"घंटा आहे घंटा," तो म्हणाला.

बाईंनी हसून कुंभारणीकडे बघितलं. ती खडूची डबी पदरात बांधत होती. गाठ दोनदा सुटली.

त्यानंतर तिची झोप आणि जेवण दोन्ही गेलं. ताटावर तिचा हात पुन्हा जाऊन बसला, आणि तो बघून नवरा हसला, "म्हातारपणी नवी नवरी झालीस की काय?" ती छताकडे बघे. सांगायचं म्हटलं तर बाई विचारणार, काका तर खणखणीत म्हणतात. मग सांगावं लागणार की काकांना ऐकू येत नाही. आणि एकदा ते तोंडातून गेलं की तो पुलावरून उतरला; नुसता उतरला नाही, खोटा ठरला, इतकी वर्षं काढलेल्या सगळ्या कड्यांसकट. न सांगावं तर? तिला बसच्या खिडक्यांत माणसं दिसायची. कोणी डोकं टेकून पेंगत असलेलं, कोणी पोराला मांडीवर उभं केलेलं. ती मुकादमाकडे गेली.

"भाऊजी, तुम्ही तरी ठोकून बघा."

मुकादमानं दोराचे पीळ बोटांनी चाचपले. "वहिनी, मला दोरातलं कळतं," तो म्हणाला. "आणि कळलं असतं तरी त्याच्याविरुद्ध मी बोललो नसतो. ते तुम्हीच बोलायला पाहिजे. मी बोललो तर तो मला मारील, तुम्ही बोललात तर तो स्वतः मरेल. पण बोलायला तुम्हीच पाहिजे." असा सल्ला देऊन तो रडायला लागला. त्या रडण्याचा तिला काही उपयोग नव्हता.

शेवटी, नवरा दुपारचा डोळा लागून पडला असताना, ती पायऱ्या चढून बाईंच्या कचेरीत गेली. वाटेत तिनं मनाशी घोकलं होतं: आधी माथ्याचं सांगायचं, त्याचं नाव शक्य तेवढं मागे ठेवायचं. दारात उभी राहिली आणि तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते हे: "त्यांना ऐकू येत नाही."

बाईंनी खुर्ची पुढे केली. "कधीपासून, मावशी?"

"पुष्कळ वर्षं झाली. मी ऐकते. माथा बद्द आहे, बाई. सगळा."

बाई तिच्यावर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी भिंतीवरची हातोडी घेतली, मुकादमाला पाळणा सोडायला लावला आणि कुंभारणीला घेऊन खाली उतरल्या. तीन-चार ठिकाणी ठोकलं, कान लावून ऐकलं. मग छिन्नी लावून एक कोपरा उचकटला. दोन हातांत मावेल एवढा तुकडा सहज सुटून नदीत पडला, आणि त्याच्या मागे सळई दिसली. सळई म्हणायची एवढंच. कांद्याच्या पापुद्र्यासारखी तिची सालं निघत होती. बाईंनी चिमटीत धरून एक साल काढली, बोटांत चुरली आणि वर हाक दिली, "रस्ता बंद करा."

दिवस मावळायच्या आत पुलाच्या दोन्ही तोंडांना पिंपं आडवी लागली. माणसं जमली, बसचे ड्रायव्हर उतरून शिव्या देऊ लागले. एवढ्या गलबल्यात तो खाली खोलीत झोपलेलाच होता. त्याला उठवलं ते शांततेनं. डोक्यावरचं छत थरथरायचं थांबलं म्हणून तो उठला. सदऱ्याची बटणं न लावता पायऱ्या चढून वर आला. पिंपं बघितली. बाईंना बघितलं.

आणि बाईंनी, मनात फक्त दया असल्यामुळे, ते केलं जे एखादा वैरीही करता ना. पूर्वी त्या समोर उभ्या राहून साध्या बोलायच्या आणि त्याला कळायचं. आता त्यांना माहीत झालं होतं. त्या जवळ गेल्या, त्याच्या कानाशी वाकल्या आणि लहान पोराला सांगावं तसं, एकेक शब्द तोडून, मोठ्यानं ओरडल्या, "काका! माथा! खराब! झालाय! मावशींनी! सांगितलं! तुमची! चूक! नाही! तुम्हाला! ऐकू! येत! नाही!"

पिंपांपाशी उभं असलेलं सगळं शहर वळून बघू लागलं. सगळ्यांनी ते ऐकलं. ऐकलं नाही ते एकट्यानं, कारण बाईंचे ओठ त्याच्या कानापाशी होते, डोळ्यांपुढे नव्हते. त्यानं गर्दीतले चेहरे बघितले, त्या चेहऱ्यांवरून त्याला काहीतरी समजलं, आणि मग नेहमीप्रमाणे, काय म्हणाल्या हे विचारायला, त्यानं बायकोच्या ओठांकडे बघितलं.

तिला ते पुन्हा सांगावं लागलं. तिनं हळू, आवाज न काढता सांगितलं. "मी सांगितलं त्यांना."

तो सदऱ्याची बटणं लावू लागला. खालून सुरुवात करून वरपर्यंत सगळी लावली, आणि पायऱ्या उतरून गेला.

पूल पुन्हा उघडला नाही. यंत्र आलं, भोकं पाडली, बाहेरच्या साहेबांनी बैठका घेतल्या आणि ठरलं की दुरुस्तीपेक्षा नवा बरा. पाडायला घेतलं तेव्हा पायांकडचं काँक्रीट इतकं कडक निघालं की यंत्रांची टोकं तुटली. लोक रोज काठावर उभे राहून बघायचे आणि म्हणायचे, "पाहिलंत? असा हा पूल! कुंभारणीनं फोडला. मडकं समजून फोडला." पुलाच्या तोंडाशी असलेली दुकानं बसली, दुकानदारांच्या बायका तिला पाठ फिरवून उभ्या राहायच्या. तिनं एकदा बाईंना गाठून विचारलं, "पडला असता ना हो? मी सांगितलं नसतं तर?"

बाई खरं बोलणाऱ्या होत्या. "सांगता येत नाही मावशी. माथा वाईट होता. पण कमान अशी असते की एक जागा गेली तरी ती ओझं दुसरीकडे वाटून देते. कदाचित यंत्र येईपर्यंत निघाला असता. कदाचित त्याच आठवड्यात गेला असता. आपण बंद केला, म्हणून कळायचा मार्ग उरला नाही."

ती मान हलवून परत आली. पडणारं काही पडलं असतं तर निदान दाखवायला तरी काही असतं.

खोली पुलाबरोबर गेली. त्यांना शहराच्या टोकाला, उंच इमारतीत, वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. भिंती पातळ, छत कोरडं, भांडी फळीवर चिडीचूप. मुकादम सुरुवातीला यायचा. ह्यानं त्याच्याकडे बघितलं नाही तेव्हा तोही यायचा थांबला. आता तिच्याशी नवऱ्यानं भांडण केलं असं कोणी म्हणणार नाही. तो तिला वाईट शब्द बोलला नाही. ताट वाढलं की जेवायचा, कपडे काढून ठेवले की घालायचा. ऐकणाऱ्या माणसाला अबोला धरायचा तर किती कष्ट! कानात शब्द पडतच राहतात. त्याला काहीच करावं लागलं नाही. त्यानं फक्त तिच्या ओठांकडे बघणं सोडलं. ती समोर आली की त्याचे डोळे ताटावर, बुटांवर, खिडकीच्या गजावर. तिनं एकदा त्याची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला. त्यानं हात झिडकारला नाही. डोळे मिटले.

असं करत करत ती त्याच्या पाठीशी बोलायला शिकली. त्या दिवशी ती भांडी पुसत होती, तो खिडकीकडे तोंड करून बसला होता, आणि तिच्या तोंडाला कसा कोण जाणे पाट फुटला. "खडू मी धरला. इतकी वर्षं तुमची मान मी डोलवली, तेव्हा मला पुलातलं कळत नव्हतं का? तेव्हा बरं कळत होतं! घंटा म्हणे. कुठली घंटा? तुमच्या डोक्यात आहे घंटा. त्यात माणसं होती हो, बसमध्ये. पोरं होती. आणि नसती तरी सांगितलं असतं मी. नाही, नसतं सांगितलं. मला काय ठाऊक. माझ्याकडे बघा. शिव्या द्या, पण बघा माझ्याकडे..." आवाज चढत गेला, फाटला, आणि ती तशीच, हातातलं फडकं पिळत, बोलत राहिली.

दार वाजलं. शेजारची बाई होती, दंडाला पीठ लागलेलं. "काकू, सगळं ठीक ना? केवढ्यानं बोलताय! कोणी आलंय का?"

"नाही गं. कोणी नाही."

शेजारणीनं तिच्या खांद्यावरून आत डोकावून बघितलं. खिडकीशी म्हातारा बसला होता, पाठमोरा, हलतही नव्हता.

"काका झोपलेत वाटतं," ती म्हणाली. "जरा हळू बोला मग, उठतील."

"हो," कुंभारीण म्हणाली, आणि तिनं दार अगदी हलक्या हातानं लावून घेतलं.